आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी : लातूरच्या घरातील वर्षभराच्या वापरानंतर

आरओ यंत्र बंद केल्यावरही त्याच्या वाया पाण्याच्या नळीतून धार सुरू राहू शकते, ही गोष्ट विक्रेता सांगत नाही. आमच्या यंत्राच्या माहितीपत्रकातही तिचा उल्लेख नव्हता. आमच्या घरी हे घडले तेव्हा गच्चीवरची टाकी नेहमीपेक्षा लवकर उतरू लागली होती. नळाला पाणी सुटायला अजून अवकाश होता, घरात माणसे तेवढीच होती आणि धुणे-भांडीही नेहमीचीच होती. रात्री निजानीज झाल्यावर सिंकमध्ये बारीक धार पडत असल्याचे ऐकू आले. यंत्राचे बटण बंद होते, त्याची साठवणटाकी भरलेली होती, तरी नळी वाहत होती. मी नळीखाली २०० मिलिलिटरचा पेला धरला आणि घड्याळ पाहिले, तेव्हा तो अडीच मिनिटांत भरला. म्हणजे तासाला जवळजवळ पाच लिटर आणि दिवसाकाठी सुमारे ११५ लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण ठरलेले आहे. दोन माणसांचा दिवसभराचा वाटा आमच्या सिंकमधून गटारात जात होता, आणि तोही ऐन एप्रिलमध्ये.

यंत्राचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते भिंतीवर टांगलेल्या जवळजवळ प्रत्येक घरगुती आरओला लागू आहे. पाण्याची चव, आवाज आणि वीजबिल यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वाया पाण्याची आहे, आणि वर्षभरात माझे सगळे लक्ष त्याच एका नळीवर राहिले. लातूरमध्ये राहणाऱ्याला याचे कारण वेगळे सांगावे लागू नये. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून येथे जमावबंदी लागू झाली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी दहा टाक्यांची होती, तिच्यात साधारण पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. त्या उन्हाळ्यात रांगेत घागर घेऊन उभे राहिलेल्या माणसाला वाहती धार पाहवत नाही.

कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. दुसऱ्या दिवशी आलेल्या मुलाने झाकण उघडण्याआधीच निदान केले : "ताई, मेंब्रेन गेलंय. सगळं किट बदलावं लागंल, नाहीतर वर्षाचा करार करून घ्या." मी त्याला विचारले, "दादा, यंत्र बंद असताना आत पाणी येतेच कसे, एवढे मला दाखवा." यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. मेंब्रेन म्हणजे यंत्रातील क्षार अडवणारी मुख्य गाळणी. ते खराब झाले तर शुद्ध होऊन निघणाऱ्या गोड्या पाण्यातील क्षार वाढतात, पण बंद यंत्रातून पाणी वाहण्याशी त्याचा संबंध नाही. यंत्रात पाणी शिरते त्या वाटेवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह नावाची विजेवर चालणारी लहानशी झडप असते. वीज मिळाली की ती उघडते, वीज तुटली की आतला रबरी पडदा बसून वाट बंद होते. त्या पडद्याखाली वाळूचा बारीकसा कण अडकला, तरी ती पूर्ण बसत नाही आणि टाकीच्या उंचीमुळे मिळणाऱ्या दाबावर पाणी आपोआप वाहत राहते. करार नाकारल्यावर तो मुलगा भेटीचे पैसे घेऊन निघून गेला. नंतर ओळखीच्या एका स्थानिक कारागिराने झडप बदलून दिली. दोन-अडीचशे रुपयांच्या भागासाठी माझ्याकडून हजारो रुपयांचे किट घेतले जाणार होते, आणि चांगले मेंब्रेन कचऱ्यात गेले असते. पैशांइतकाच राग मला त्या कचऱ्याचा आला.

त्या दिवसापासून यंत्राच्या आधीचा पाण्याचा कॉक रात्री झोपताना हाताने बंद करण्याची सवय घरात सगळ्यांनी लावून घेतली आहे. बाहेरगावी जाताना तर तो बंद केलाच पाहिजे. या एका सवयीला काहीही खर्च येत नाही.

झडप दुरुस्त झाल्यावर यंत्र चालू असताना किती पाणी जाते, हे मोजायचे ठरवले. रीत सोपी आहे. गोड्या पाण्याच्या नळीखाली एक लिटरचे माप आणि वाया पाण्याच्या नळीखाली बादली ठेवावी, यंत्र सुरू करावे, माप भरताच दोन्ही बाजूला घ्यावे आणि बादलीतील पाणी त्याच मापाने मोजावे. आमच्याकडे एका लिटरमागे तीन लिटर पाणी बादलीत पडले. थंडीत हे प्रमाण आणखी बिघडले, कारण गार पाणी मेंब्रेनमधून सावकाश पार होते, पण वाया पाण्याची धार फारशी कमी होत नाही. ती धार नळीत बसवलेल्या फ्लो रिस्ट्रिक्टर नावाच्या बारीक छिद्राच्या तुकड्यावर अवलंबून असते. हे प्रमाण पाहून काही जण ती नळी चिमटा लावून आवळतात. तसे कोणी करू नये. वाया जाणारे पाणी मेंब्रेनवरचे क्षार वाहून नेत असते. ते अडवले तर क्षार तिथेच बसतात आणि महागडे मेंब्रेन काही महिन्यांत निकामी होते.

मग उरते ते पाणी गोळा करणे. आम्ही नळी लांबवून ओट्याखालच्या पन्नास लिटरच्या झाकणाच्या ड्रममध्ये सोडली आणि ड्रमला खाली तोटी बसवली. नळी उंच चढवू नये, तिला पीळ पडू देऊ नये आणि तिचे तोंड ड्रममधील पाण्यात बुडू देऊ नये, इतकी काळजी पुरते. या पाण्याने फरशी पुसता येते, खरकट्या भांड्यांचा पहिला हात होतो, पायपुसणी आणि पोतेरी धुता येतात. सर्वात जास्त पाणी संडासात खपते, म्हणून तिथे एक बादली कायम या पाण्याने भरलेली असते. गाडी धुतल्यास काचेवर पांढरे ठिपके राहतात, तेव्हा शेवटचा हात साध्या पाण्याचा द्यावा. कूलरमध्ये मात्र हे पाणी टाकू नये. कूलरमधून पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे गवताच्या जाळ्या पांढऱ्या पडून कडक होतात. आमच्याकडील उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, आणि जाळ्या दरवर्षी बदलायच्या म्हणजे पुन्हा खर्च आणि कचरा.

झाडांबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण "आरओचे पाणी झाडांना घाला" हा सल्ला सगळीकडे डोळे मिटून दिला जातो. उन्हाळ्यात आम्ही बोअरचे पाणी वापरतो तेव्हा टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम आहेत हे दाखवणाऱ्या उपकरणावर, ११०० च्या आसपास आकडा येतो. त्यातील एक हिस्सा गोडे पाणी वेगळे निघाले की उरलेल्या तीन हिश्श्यांत सगळे क्षार एकवटतात, आणि ड्रममधल्या पाण्याचा आकडा साडेचौदाशेच्या घरात जातो. आमच्या कुंड्यांत काळी माती आहे. ती पाणी धरून ठेवते, निचरा कमी, त्यामुळे क्षार वर येऊन मातीच्या पृष्ठभागावर पांढरा थर दिसू लागतो. गुलाबाची आणि मोगऱ्याची पाने कडेने करपली. कढीपत्ता, शेवगा आणि जमिनीतील नारळ यांनी तेच पाणी सहन केले. आता कुंड्यांना तांदूळ-डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी घालतो, आणि ड्रममधले पाणी घातलेच तर निम्म्याने साधे पाणी मिसळून. कुंडीच्या मातीत वाळू आणि घरच्या ओल्या कचऱ्याचे खत मिसळल्यावर निचराही सुधारला.

पावसाळ्यापर्यंत माझे मत असे होते की, पाणी गोळा करून वापरले म्हणजे आरओचा दोष बऱ्याच अंशी फिटतो. पावसाळ्यानंतर हे मत बदलले. धरणात पाणी आल्यावर महापालिकेचा पुरवठा जरा सुरळीत झाला आणि बोअर बंद ठेवता आली. लातूरला पाणी धनेगावच्या मांजरा धरणातून येते. त्या नळाच्या पाण्यात मीटर बुडवला, तर आकडा ३४० दिसला. आणि ड्रममधल्या, म्हणजे यंत्राने टाकून दिलेल्या पाण्याचा आकडा ४५० च्या आत. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येते. याचा अर्थ, क्षारांपुरते पाहिले तर ज्या पाण्याला आम्ही वाया पाणी म्हणत होतो, तेसुद्धा मर्यादेत होते. ते जंतूंच्या दृष्टीने शुद्ध केलेले नसते, म्हणून पिऊ नये हे खरेच. पण क्षार काढण्यासाठी बसवलेल्या यंत्रातून त्या दिवसांत एका लिटरसाठी तीन लिटर पाणी बाजूला टाकण्याचे काहीही कारण नव्हते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये हेच सांगितले होते : जिथे पाण्यातील क्षार ५०० पेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी असावी, आणि इतरत्र यंत्राने सुरुवातीला किमान ६० टक्के व पुढे ७५ टक्के पाणी वापरण्याजोगे द्यावे. आमचे यंत्र २५ टक्के देते. विक्रेत्याने घरी येऊन आमच्या नळाचे पाणी एकदाही मोजले नव्हते.

म्हणून आता आमच्या घरी यंत्र हंगामाप्रमाणे चालते. नळाला धरणाचे पाणी असेल तेव्हा ते दुपदरी कापडातून गाळून, खळखळून उकळून माठात भरतो. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आले तर आधी तुरटी फिरवून निवळू देतो. बोअर किंवा टँकर सुरू झाला की मीटर लावून पाहतो आणि मगच आरओ सुरू करतो. मेंब्रेन कोरडे पडू नये आणि आत पाणी कुबू नये म्हणून मधल्या काळात आठवड्यातून दोनदा थोडा वेळ यंत्र चालवतो. ते पाणी कुकर आणि इस्त्रीच्या उपयोगी पडते. उन्हाळ्यात तुरीची डाळ मात्र आरओच्याच पाण्यात शिजवतो. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, शिट्ट्या वाढतात, गॅस वाढतो. तिथे आरओचे पाणी वापरणे मला उधळपट्टी वाटत नाही.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. टीडीएस मीटर क्षारांची एकूण मात्रा दाखवतो. जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड किती आहे हे त्यावरून कळत नाही. मराठवाड्यात काही गावांच्या विहिरी-बोअरमध्ये फ्लोराइड आणि नायट्रेट जास्त आढळते, आणि उकळल्याने ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने थोडे वाढते. मानकानुसार नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे आणि फ्लोराइड एक मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा पर्याय नसेल तर दीडपर्यंत. बोअरवर राहणाऱ्यांनी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत एकदा पाणी तपासून घ्यावे आणि मगच आरओ बंद ठेवण्याचा विचार करावा. ज्यांच्या पाण्यात हे दोष आहेत त्यांना आरओ लागतोच, आणि त्यांनी शुद्ध झालेल्या पाण्यात साधे पाणी मिसळणारा यंत्रातील स्क्रूही उघडू नये.

सासूबाईंनी आणखी एक गोष्ट पुन्हा सुरू केली. पाहुण्यांपुढे भरलेले पेले ठेवण्याची पद्धत त्यांनी बंद केली आणि तांब्या-भांडे ठेवायला सुरुवात केली. ज्याला जितके हवे तितके तो ओतून घेतो. एका लिटरमागे तीन लिटर वाया धरले, तर पेल्यात उष्टे राहिलेले अर्धा पाव पाणी म्हणजे उन्हाळ्यात टाकीतले अर्धा लिटर पाणी, हा हिशोब मी त्यांना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या आडावरचं पाणी शेंदून आणावं लागायचं, तवा कोण पेला भरून ठेवतंय?" लग्नकार्यात आणि सभांत अर्ध्या प्यायलेल्या बाटल्यांचा जो खच पडतो, त्यातील बरेचसे पाणी अशाच कुठल्यातरी मोठ्या आरओमधून आलेले असते, तेव्हा त्यामागचे टाकलेले पाणीही हिशोबात धरले पाहिजे.

सेवा केंद्राचे करारासाठीचे फोन अजून येतात. करार केलेला नाही. बाहेरचा गाळणीचा कांडा काळा पडला की मी तो स्वतः बदलते. बाजारात तो स्वस्त मिळतो आणि वेळेवर बदलला तर झडपेपर्यंत वाळू पोहोचत नाही. मेंब्रेन कधी बदलायचे हे कॅलेंडरवर ठरवत नाही. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा भिंतीवरच्या वहीत लिहिते. दहापैकी नऊ हिस्से क्षार अडवले जात आहेत तोवर ते चांगले आहे. सध्या ११०० चे ९० होत आहेत, तेव्हा येत्या उन्हाळ्यातही हेच मेंब्रेन चालेल. नवे यंत्र घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : एका लिटरमागे वाया पाणी किती, आणि सोलेनॉइड झडप एकटी बदलून मिळते की नाही.