१६५० रुपयांचा कीपॅड फोन दीड महिना वापरला, जे झालं ते सांगते

आधीच सांगते, मी फोनची एक्सपर्ट वगैरे काही नाही. नाशकात एका सीएंच्या ऑफिसमध्ये अकरा वर्षं जीएसटी रिटर्न भरतेय. म्हणजे महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी आणि मधल्या दिवसांत क्लायंटच्या मागे लागून बिलं गोळा करायची. बिलं येतात व्हॉट्सअ‍ॅपवर. वाकडे फोटो, निम्मं बिल सावलीत, एकदा तर बिलावर ठेवलेला चहाचा कप पण फोटोत. आणि येतात कधी तर रात्री साडेअकराला. "मॅडम पाठवलंय बघून घ्या", पाच मिनिटांनी "बघितलं का" आणि त्यानंतर नुसतं एक प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हाने माझं डोकं जेवढं फिरतं ना तेवढं सासूबाईंनी पण कधी फिरवलेलं नाही.

तर मे महिन्यात झालं असं की नवरा सकाळी म्हणाला तू रात्री झोपेत उठून बसलीस, फोन कानाला लावलास आणि सहा आकडे म्हणून दाखवलेस. ओटीपी. समोर कोणी नाही, फोन लागलेला नाही, आणि मी आपली ओटीपी सांगतेय. तो हसत होता, मला काही हसू आलं नाही. त्यात उजवा अंगठा मनगटापासून दुखत होता, फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं दिवसात फोन किती वेळ हातात असतो, मी म्हटलं मोजलं नाही, त्या म्हणाल्या फोनमध्येच मोजलेलं असतं बघा. बघितलं. आकडा सांगत नाही, लाज वाटते.

मैत्रीण म्हणाली इगतपुरीला जा, विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर कर, फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, फी नाही, शेवटी वाटलं तर दान द्यायचं. नाशिकहून इगतपुरी तासाभरावर, आणि २० तारखेनंतर मला रजाही मिळाली असती. पण नवरा म्हणाला दहा दिवस मौन? तुला दहा मिनिटं जमणार नाही. खरं आहे ते. आणि मला तसंही दहा दिवस पळून जाऊन अकराव्या दिवशी ३१२ मेसेज उघडायचे नव्हते, मला रोजची संध्याकाळ हवी होती. म्हणून कीपॅड फोन.

एमजी रोडला गेले, जूनच्या २२ तारखेला, म्हणजे ३बी भरून झाल्यावर. दुकानदार म्हणाला आजींसाठी पाहिजे का. म्हटलं नाही, माझ्यासाठी. त्याने माझ्याकडे एकदा, माझ्या हातातल्या मोठ्या फोनकडे एकदा बघितलं आणि म्हणाला अच्छा, दुसरा नंबर पाहिजे वाटतं. त्याच्या मनात काय आलं असेल ते मी तिथेच सोडून दिलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण त्याच्या काचेखाली आठ-दहा मॉडेल होती आणि सगळी एका आईची लेकरं दिसत होती. एक महत्त्वाचं मात्र सांगते, घेताना ४जी चाललेला घ्या. जिओला २जी नाहीच, त्यामुळे ते सिम साध्या २जी कीपॅडमध्ये चालत नाही, आणि पैसे देऊन घरी आल्यावर हे कळलं की परत फेरी.

आता फोनबद्दल. वजन नाहीच म्हटलं तरी चालेल. पडला तर पाठ, बॅटरी आणि फोन तीन दिशांना जातात, गोळा करून लावलं की चालू. माझा गॅलरीतून खाली कुंडीत पडला, मातीच काय ती पुसावी लागली. बॅटरी माझ्या वापरात पाच दिवस जाते. टॉर्च वरच्या बाजूला आहे, शून्याचं बटण दाबून धरलं की लागते, आणि इथे मी पूर्ण मार्क देते, पावसाळ्यात लाइट गेल्यावर ती टॉर्च आणि मोठ्या फोनची टॉर्च यात हाच हाताला लवकर येतो. चार्जिंगची पिन मात्र जुनी बारीक वाली आहे, ती वायर घरात कोणाकडे सापडेना, शेवटी देवघरातल्या लायटिंगच्या खोक्यात मिळाली.

त्रास नंबर घेताना सुरू झाला. मोठ्या फोनमधले कॉन्टॅक्ट सिमवर टाकून इकडे आणायचे असं दुकानदाराने सांगितलं. सिमवर २५०च्या आसपास नावं मावतात, माझ्याकडे बाराशेच्या वर. बरं मावली ती पण कापून. इंग्रजीत सेव्ह केलेली नावं कशीबशी ओळखू येतात, मराठीत सेव्ह केलेली त्याहून लवकर तुटतात, त्यामुळे माझ्याकडे "संगीता मा" अशा दोन आहेत, एक मामी आणि एक माळी. मी मामीला फोन करून विचारलं मोगऱ्याचं रोप आणलं का. मामी म्हणाली आणते की, त्यात काय, आणि खरंच घेऊन आली. शेवटी एका रविवारी बसून ६० नावं हाताने टाकली. टाकताना लक्षात आलं की ६० च्या पुढे मला कोणाला फोन करायचाच नाहीये.

पहिल्या आठवड्यात मी मूर्खपणा केला तो तुम्ही करू नका. माझं नेहमीचं सिमच काढून कीपॅडमध्ये घातलं. मला वाटलं व्हॉट्सअ‍ॅप घरच्या वायफायवर मोठ्या फोनमध्ये चालू राहील, आणि ते राहिलं पण. पण पैसे पाठवायचं अ‍ॅप दुसऱ्याच दिवशी म्हणालं सिम या फोनमध्ये नाही. बँकेचं अ‍ॅप पण तेच. बँकेचा ओटीपी यायचा कीपॅडवर, तो वाचून मोठ्या फोनमध्ये टाकायचा, तोपर्यंत कीपॅडची स्क्रीन बंद, परत उघडायचं, मेसेज शोधायचा, वेळ संपलेली. भाजीवाल्या मावशींकडे दोनदा उधारी झाली. मावशी म्हणाल्या ताई तुमचा धंदा बुडला का, साधा फोन घेतला ते.

मग दुसरं सिम घेतलं. हे करणार असाल तर एक माहिती उपयोगाची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवा, आणि जानेवारी २०२५ पासून ते आलेत. नाहीतर आधी कीपॅडवाल्या आजीला पण रोजच्या दीड-दोन जीबीचे पैसे भरावे लागायचे, जे ती बापडी कशात घालणार. दुकानात मात्र हा पॅक आपणहून कोणी सांगत नाही, नाव घेऊन मागावा लागतो. मी ८४ दिवसांचा मारला.

आता व्यवस्था अशी आहे. ऑफिसमध्ये व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर. संध्याकाळी आठला मोठा फोन चकलीच्या डब्यात, डबा माळ्यावर. खाली फक्त कीपॅड. आणि ४२ क्लायंटना मेसेज पाठवला की रात्री आठनंतर व्हॉट्सअ‍ॅप बघितलं जाणार नाही, अर्जंट असेल तर या नंबरवर फोन करा, कधीही करा. साहेब म्हणाले तू वेडी आहेस, आता तर रात्रभर फोन येतील. मला पण तीच धाकधूक होती, पहिले दोन दिवस मी कीपॅड उशीखाली घेऊन झोपले.

दीड महिन्यात रात्री आठनंतर क्लायंटचे किती कॉल आले सांगू? तीन.

त्यातला एक खिशातून चुकून लागलेला, मी चार मिनिटं कोणाच्या तरी वरातीचा बँजो ऐकला. दुसरे गृहस्थ म्हणाले काही नाही मॅडम, नंबर लागतो का बघत होतो. तिसरा खरा. त्यांचा ट्रक वाटेत बंद पडला, माल दुसऱ्या गाडीत घातला आणि ई-वे बिलावर, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदावर, नवीन गाडीचा नंबर टाकायचा राहिला, हायवेला जीएसटीच्या पथकाने अडवलं. घाबरून बोलत होते बिचारे. मी डबा उतरवला, पार्ट-बी, म्हणजे त्यातला गाडीच्या नंबरचा भाग, अपडेट केला, वीस मिनिटांचं काम, आणि खरं सांगते, मला अजिबात राग आला नाही. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते आणि राग आला नाही! म्हणजे मला रात्री काम करायचा त्रास नव्हताच मुळी. बाकीचे ४१ जण जे रोज रात्री प्रश्नचिन्ह पाठवत होते त्यांच्यातलं एकही प्रश्नचिन्ह फोन करण्याच्या लायकीचं नव्हतं, आणि हे त्यांना पण आतून माहीत होतं, नाहीतर बटण दाबून फोन केला असता की. ३बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी आहे, निल, म्हणजे व्यवहारच नसेल, तर २०, त्यासाठी माणसाची झोप उडवायची पद्धत कोणी काढली काय माहीत.

पैशाचं थोडं सांगते कारण मला सगळे तेच विचारतात. साध्या फोनवरून यूपीआय होतं. ८ मार्च २०२२ ला रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे सुरू केलं ते यासाठीच. आणि स्टार ९९ हॅश वालं तर त्याच्याही आधीपासून आहे, इंटरनेट लागत नाही, आकडे दाबत मेन्यूत जायचं. मी रिक्षावाल्याला तसे ४० रुपये पाठवायला गेले. भाषा निवडा, पैसे पाठवा, नंबर टाका, रक्कम टाका, आणि पिनपर्यंत पोचले तर मेन्यू गुल. परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा रिक्षावाला म्हणाला ताई राहू द्या, मी इथेच उभा असतो रोज. तेव्हापासून पर्समध्ये सुटे ठेवते. सिटीलिंकच्या बसमध्ये, वडापावच्या गाडीवर, बुधवारच्या बाजारात रोख चालतंच, फक्त शंभराची नोट काढली की लोक जरा उसासा टाकतात.

मराठी मेसेजचे मात्र हाल आहेत. एका अक्षरासाठी तेच बटण तीन-तीन चार-चार वेळा, जोडाक्षर आलं की देवाचं नाव घ्यायचं. वर मराठी एसएमएस ७० अक्षरांचाच असतो, इंग्रजीला १६० मिळतात, त्यामुळे आपला साधा निरोप पण दोन मेसेजचा होतो. अंगठ्यासाठी फोन बदलला आणि पहिल्या आठवड्यात अंगठा जास्त दुखला, फिजिओ बाईंना सांगितलं नाही. आता मी लिहितच नाही, फोन करते. आईला रोज "जेवलीस का" पाठवायचे ते आता विचारते, मग ती जेवली का हे सोडून बाकी सगळं सांगते, पंधरा मिनिटं जातात.

एफएम छान लागतो, पण गॅलरीत. स्वयंपाकघरात आला की खरखर. सकाळी आकाशवाणीच्या मराठी बातम्या लावून पोळ्या लाटते, बातम्या संपतात हीच मला केवढी गंमत वाटते, दहा मिनिटांत संपतात आणि पुढे काही सरकवायचं नसतं.

तोटे पण लिहिते. मुलगा आठवीत आहे, शाळेच्या ग्रुपवर रात्री नऊला आलेलं मला सकाळी सातला कळलं की आज क्राफ्टला जुनी वर्तमानपत्रं आणि फेविकॉल पाहिजे. तेव्हा घरात जे झालं त्याचं वर्णन करत नाही. आता तो ग्रुप नवऱ्याच्या फोनवर आहे, त्याच्याकडे पहिल्यांदाच आहे आणि तो दमलाय. शिवाय फोन आला की ही बया नंबर मोठ्याने वाचून दाखवते, एका मीटिंगमध्ये माझ्या पर्समधून नाइन एट टू टू असा आवाज यायला लागला आणि साहेबांनी ट्रायल बॅलन्समधलं पान उलटणं थांबवलं. ते सेटिंग बंद करता येतं, पण ते सापडायला मला चार दिवस लागले. कॅमेरा आहे, त्याने काढलेल्या फोटोतला माणूस ओळखणं हा घरी एक खेळ झालाय.

आणि एक, हे एकट्याने करण्यात अर्धीच मजा आहे. मी डबा माळ्यावर ठेवते आणि बाजूला नवरा आणि पोरगा रील बघत बसलेत, आवाज येतोच. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, अख्ख्या गावाने मोबाइल आणि टीव्ही बंद करायचे, साडेआठला परत भोंगा, मग चालू. ते वाचून मी घरात जाहीर केलं की कुकरची तिसरी शिट्टी हा आपला भोंगा. पोरगा म्हणाला चालेल, आणि त्या दिवसापासून रोज विचारतो, आज भात नको, नुसती खिचडी पण नको, काहीतरी कुकर न लागणारं कर ना.

कोणी घ्यावा? एकुलता एक फोन म्हणून घेऊ नका, पहिल्या आठवड्यात माझं झालं तसं तुमचं होईल. दुसरा म्हणून, नवीन नंबरने, आणि ज्यांचा तुम्हाला त्रास होतो असं वाटतं त्यांना तो नंबर उलट आधी द्या. पाचपैकी साडेतीन. टॉर्चला वेगळे पाच.

फक्त कोणाला बंद करताना वाजणारं ते तुतारीसारखं म्युझिक घालवता येत असेल तर सांगा प्लीज, सगळी सेटिंग बघून झाली, सासूबाई रोज दचकतात.