46,800 रुपयांचं नकली व्हिक्टरी किट, लाकडी जहाजांची मॉडेलं बांधणाऱ्यांनी कृपया वाचा

एचएमएस व्हिक्टरी या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचं मॉडेल, स्केल 1:78, ओरिजिनल इटालियन किट, सीलबंद, असं सांगून इन्स्टावरच्या एका विक्रेत्याने मला चोरून कॉपी केलेला माल विकला. आधी बुकिंगचे 15,000, मग 29,500, वर कुरिअर आणि इन्शुरन्स म्हणून 2,300. एकूण 46,800, सगळे यूपीआयने. बिल मागितलं तर "काका बॉक्समध्येच टाकतोय" म्हणाला, बॉक्समध्ये बिल नव्हतं.

इन्स्टावरच्या माणसाला एवढे पैसे दिलेच कशाला, हे घरी ऐकून झालंय. पण ही किटं आपल्याकडे दुकानात मिळतात कुठे? बाहेरून मागवायचं तर शिपिंग, त्यावर कस्टम ड्युटी, पार्सल अडकलं तर कागदांची धावपळ, म्हणून बरेच जण कुणीतरी आणून ठेवलेलंच किट घेतात, मीही तेच केलं. शिवाय याच माणसाकडून आधी पितळी खिळे आणि रिगिंगचा (डोलकाठ्यांच्या दोरखंडांचा) दोरा घेतला होता, 1,150 रुपयांचा, चोख आला होता. आता कळतंय की ती छोटी ऑर्डर नीट देणं हाच सापळा होता. पहिला व्यवहार चांगला झाला म्हणून दुसऱ्या वेळी तपासणी सोडू नका.

आता एका फोटोची गोष्ट. बाकीचे पैसे भरायच्या आधी मी प्लॅनशीटचा, म्हणजे किटसोबतच्या नकाशाच्या कागदाचा, फोटो मागितला, त्याने पाठवला, आणि कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत काळा पट्टा होता. झेरॉक्सचा पट्टा! अख्खं आयुष्य ऑफिसात झेरॉक्स काढण्यात गेलं माझं. विचारलं, तर म्हणे "काका टेबलाची सावली आहे". सावली अशी सरळ रेघ मारल्यासारखी पडते का कधी? फोटो झूम करून बघत होतो, तेवढ्यात त्याचा मेसेज, नागपूरचा एक जण आत्ता पूर्ण पैसे द्यायला तयार आहे, तुम्हाला नको असेल तर सांगा. आणि मी 29,500 पाठवले. तो मेसेज मुद्दाम त्याच क्षणी आला होता, याची आता मला खात्री आहे. घाई करणारा विक्रेता दिसला की तिथेच थांबा. नुकसान व्हायचं ते त्या पाच मिनिटांत होतं.

बॉक्स उघडला तर प्लायच्या शीटवर कंपनीचं नाव नाही, जिथे असायला हवं तिथे लेझरने जाळलेला चौकोन. बल्कहेडच्या (सांगाड्याच्या आडव्या फळ्यांच्या) खाचा 4 मिमीच्या आणि प्लाय 5 मिमीचा. प्लॅनवरची कील (जहाजाचा तळाचा कणा) आणि लाकडाची कील यात 11 मिमीचा फरक. बांधणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, प्लॅन फुल साइज धरून आपण डोलकाठ्या, आडकाठ्या सगळं त्यावरूनच मोजतो, तोच चुकीचा असेल तर पुढचं सगळं वाकडं. वरच्या थराच्या पट्ट्या अक्रोडाच्या म्हणून दिलेल्या, ओलं फडकं फिरवलं तर रंग फडक्याला. तोफा यादीपेक्षा 23 कमी. व्हिक्टरीवर हात बसला की मुंबईत 1817 साली वाडिया या जहाज बांधणाऱ्या घराण्याने सागवानात बांधलेली ट्रिंकोमली ही युद्धनौका, जी आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे, ती प्लॅनवरून स्वतः करायची असं ठरवलं होतं. दोन वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकत होतो.

पोलीस स्टेशनला गेलो तर हवालदार म्हणतो, "काका, खेळण्यातल्या बोटीला एवढे पैसे?" आणि शेजारचा हसला. सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले वस्तू आली ना, मग हे सायबर नाही. परत स्टेशनला, तिथे "दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा". अहो, खोटं सांगून पैसे घेतले की ती फसवणूक होते, पूर्वी 420 होतं, आता न्याय संहितेत कलम 318 आहे, हे मी त्यांना सांगायचं? अर्ज घ्यायलाच तयार नाहीत, घेतला तर पोच द्यायला तयार नाहीत. बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकला, आम्ही काही करू शकत नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव विक्रेत्याच्या नावापेक्षा वेगळं आहे, हे लेखी दिलं, तरी कुणी ते खातं बघायला तयार नाही. प्रत्येक टेबलावर मलाच उलटे प्रश्न, जणू गुन्हा मी केलाय. पार्सल आलंच नसतं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार तरी नोंदवता आली असती. नकली माल पाठवला की चोर मोकळा, हे त्या माणसाला पक्कं माहीत आहे.

अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काढा, सील तोडायच्या आधीपासून, एकही कट नको. मी काढला होता म्हणून निदान ग्राहक आयोगात केस उभी राहिली. प्लायशीटच्या चारही कोपऱ्यांचे फोटो मागा, प्लॅनवर स्टीलपट्टी ठेवून फोटो मागा. पैसे देताना कोड स्कॅन केल्यावर दुसरंच नाव दिसलं तर पैसे पाठवू नका, भाऊ आहे, पार्टनर आहे, काहीही सांगू दे. चॅट डिलीट करू नका.

त्याने "समजुतीने मिटवू" म्हणून 4,000 परत द्यायची तयारी दाखवली, मी नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे "त्याच्या गावाला जा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मुदत दोन वर्षांची आहे.

त्याने अकाउंटचं नाव बदललंय, फोटो तेच आहेत, आता सॅन फेलिपे या दुसऱ्या जहाजाचं किट विकतोय 38,000 ला. कुणाला ऑफर आली असेल तर पैसे देऊ नका आणि त्या चॅटचे स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडायचे आहेत.