पॅनेलवर हात ठेवला की दिवा पेटतो

आमच्या भागात पाणी पहाटे पाचच्या सुमाराला येतं. नळाचा कॉक बागेच्या मागच्या कोपऱ्यात, सोनचाफ्याच्या बुंध्याशी आहे आणि तो सोडायला रोज आमचे हे जातात. घर साताऱ्यात गोडोलीला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याजवळ. किल्ल्याच्या उतारावरून काय काय खाली येतं ते या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. मुंगूस येतं, साळिंदर येतं, बिबट्याची आवई अधूनमधून उठतेच. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या कॉकपासून हातभर अंतरावर घोणस वेटोळं घालून बसली होती. यांच्या हातात मोबाइलची बॅटरी होती म्हणून दिसली. त्या दिवसापासून बागेत दिवे लावायचं माझ्या डोक्यात बसलं. तिथवर वायर न्यायची तर फरशी उकरावी लागणार, म्हणून सोलर.

थोडक्यात, मला दिवा पहाटे पाचला हवा होता. एवढी साधी गोष्ट मी ऐन वेळी विसरले आणि अकरा हजार रुपये घालवून बसले.

गेल्या वर्षी एप्रिलात गावात प्रदर्शन लागलं होतं. लोणची, पैठण्या, पाठ दाबून देणारी खुर्ची, एका फटक्यात कांदा चिरणारं यंत्र, असा नेहमीचा बाजार. त्यात एका स्टॉलला तिन्ही बाजूंनी काळं कापड लावलेलं होतं आणि वर एकच मोठा बल्ब. आत पंचविशीतला एक मुलगा, बोलायला असा गोड की साखर परवडली. "काकू, नुसता हात ठेवा. घ्यायचं नका घेऊ." मी दिव्याच्या पॅनेलवर तळहात ठेवला आणि दिवा भक्कन पेटला. हात काढला, विझला. नातीने तोच खेळ चार वेळा केला. तोवर मागे दहा-बारा माणसं जमली होती.

आता सांगते, यात काहीही नाही. पन्नास रुपयांचा सोलर दिवासुद्धा हेच करतो. पॅनेलवर उजेड पडायचा थांबला की त्याचा विजेचा दाब उतरतो, आतल्या सर्किटला वाटतं रात्र झाली आणि ते दिवा लावतं. दिवा चांगला की वाईट याचा हाताशी काही संबंध नाही. पण त्या काळ्या कापडाच्या आत उभं राहिलं की फार भारी वाटतं. चार्जरवर भरून आणलेला दिवा अंधारात दाखवला तर तो झगझगणारच.

मी दर विचारला तेव्हा त्याने एक छापील कागद पुढे केला. वर पंतप्रधानांचा फोटो, खाली सूर्याचं चित्र. "सूर्यघर योजनेतला दर आहे काकू, बाहेर हाच दिवा सहा हजारांना." खरं तर इथेच मी मागे फिरायला हवं होतं. मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई. २०२४च्या फेब्रुवारीत ती योजना आली तेव्हा आमच्याच खात्यातले पोस्टमन घरोघर जाऊन नोंदणी करत होते. ती योजना छतावरच्या, मीटरला जोडायच्या पॅनेलची आहे. अर्ज पोर्टलवर करायचा, काम झाल्यावर तपासणी होते आणि मग अनुदान थेट आपल्या बँक खात्यात येतं, जास्तीत जास्त ७८,००० रुपये. प्रदर्शनातल्या स्टॉलवर कागद दाखवून कुणी 'योजनेचा दर' लावत नाही, आणि बागेतल्या दिव्यांचा तर त्यात विषयच नाही. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी मान डोलावली. तो फोटो बघून माणूस जरा सैल पडतो, दुसरं काय.

दोन मोठे दिवे घेतले, खोक्यावर '२०० वॉट' आणि 'आयपी ६५' छापलेले, २,९०० रुपयांना एक. शिवाय वाटेच्या कडेने जमिनीत रोवायचे आठ छोटे खांबदिवे, ६५० रुपयांना एक. पैसे मोबाइलवरून पाठवले तेव्हा समोर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, मालकांचं खातं आहे. पावती वहीतली, कच्ची. तिच्यावर रबरी शिक्का, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता म्हणून फक्त 'पुणे'. माल दुसऱ्या दिवशी गोडाऊनमधून आला. स्टॉलवरचा दिवा हातात घेतला तेव्हा जड होता, ॲल्युमिनियमचा. खोक्यातून निघाला तो प्लॅस्टिकचा, डब्यासारखा हलका. मी म्हटलं, नवीन मॉडेल असेल. बघा, समोरच्याला काही बोलायची गरजच पडली नाही, त्याची बाजू मीच मांडत होते.

पहिल्या संध्याकाळी बाग लग्नघरासारखी दिसली. शेजारच्या वहिनी कुंपणाजवळ येऊन बघून गेल्या, त्यांनाही दोन हवे होते. (त्यांचे पैसे वाचले हे माझं एकमेव पुण्य. त्या गेल्या तोवर प्रदर्शन उठलं होतं.) यांनी पहाटे पाचला दार उघडलं तर बाहेर मिट्ट काळोख. पहिल्या दिवशी वाटलं, चार्ज कमी झाला असेल. मग आम्ही पाळत ठेवली. मोठे दिवे रात्री साडेदहाला पिवळे पडायचे आणि अकराच्या आत जायचे. खांबदिवे त्याआधीच. महिन्याभरात मोठ्यांची वेळ नऊवर आली. आमचे हे मोबाइलची बॅटरी घेऊन दिवा चालू आहे का ते बघायला जायचे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्यातच आठपैकी पाच खांबदिव्यांच्या काचेआड पाणी साचलं. काच म्हणायची आपली सवय, होतं प्लॅस्टिकच. एका मोठ्या दिव्याच्या आत तर लाल मुंग्यांनी अंडी घातली होती, बाहेरून पांढरी रांग दिसायची. पावतीवरचा नंबर लावला, 'हा क्रमांक अस्तित्वात नाही'. तीन वर्षांची वॉरंटी होती.

माझा पुतण्या राजवाड्याजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. एका रविवारी त्याने अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि मोठा दिवा खोलला. झाकणाला रबराची रिंग बसायची खाच होती, रिंग नव्हती. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाता कामा नये आणि पाण्याचा फवारा मारला तरी आत थेंब जाता कामा नये. इथे मुंग्यांचं बिऱ्हाड थाटलेलं. पुढे दीडशे एलईडी बसवलेले दिसत होते, त्याने मोजले तर विजेला जोडलेले चौपन्न. बाकीचे शोभेला. सेल बसवायला चार जागा होत्या, सेल एकच. त्यावर छापलेलं ९,९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप.

तो सेल बोटात धरून हसायलाच लागला. "काकी, ह्या मापाच्या सेलमध्ये जगातली चांगली कंपनीसुद्धा साडेतीन हजाराच्या आसपास थांबते. नऊ हजार नऊशे कुठून येणार?" ते माप म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत असतो तो. अस्सल सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. त्याच्या छोट्या काट्यावर हा भरला २७. मग यंत्राला लावून रात्रभर मोजला, ताकद निघाली १,१५० एमएएच.

पुढचा हिशोब त्याने खोक्याच्या पाठीवरच पेनाने मांडला, तो मी जपून ठेवलाय. सेलचे ३.७ व्होल्ट गुणिले १.१५ अँपिअर-तास (१,१५० एमएएच म्हणजे तेवढेच) म्हणजे सव्वाचार वॉट-तास. दिवा खरोखर दोनशे वॉट खात असता तर या सेलवर तो सव्वा मिनिट चालला असता. पॅनेलचंही तसंच. भर उन्हात एक चौरस मीटरवर साधारण हजार वॉटचा सूर्य पडतो, चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं. म्हणजे दोनशे वॉटसाठी चौरस मीटरभर पॅनेल हवं, आपल्या घराच्या दाराच्या साधारण निम्म्याएवढं. आमचं पॅनेल होतं १७ बाय १२ सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षा जरासंच मोठं. ते फार तर चार वॉटचं. तीस वर्षं पोस्टकार्डं हाताळली मी, पण हे कुणी मला एप्रिलात सांगितलं असतं तर!

तक्रारीचं थोडक्यात सांगते, कारण त्यातून फार काही निघालं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला, पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल मागितलं. २०१९च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही, हेही नंतर कळलं. पण तक्रार कुणावर करायची? 'पुणे' या शब्दावर? पैसे ज्या नावावर गेले तो माणूस कोण, याचा पत्ता माझ्याकडे नव्हता. जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल घेतलं असतं तर निदान कुणाच्या तरी दारात नोटीस गेली असती. मोठे दिवे अजून माळ्यावर आहेत. त्यातले सेल मात्र पुतण्याने काढून नेले. लिथियमचा सेल घंटागाडीत टाकू नका, दाबला गेला की पेट घेतो.

खांबदिव्यांपैकी तीन वाचले, ते कसे ते सांगते, कारण पुष्कळांकडे असे दिवे पडून असतील. त्यांच्या बुडाशी एक पेन्सिल सेलच्या मापाचा १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेल असतो. आमच्या सेलवर हिरवट बुरशी चढली होती. टोकं व्हिनेगरने पुसून कोरडी केली, चांगल्या कंपनीचा निकेल मेटल हायड्राइडचा सेल घातला आणि सांध्यावर सिलिकॉन फिरवलं. दिव्याला शंभर-सव्वाशे रुपये पडले. घड्याळात घालतो तो साधा सेल मात्र चुकूनही घालू नका. तो चार्ज होण्यासाठी केलेला नसतो, फुगतो, गळतो. आमच्या यांनी एकात घातला होता. तो दिवा वाचलेल्या तिनांत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा खरेदी केली, या वेळी गावातल्या दुकानातून, फक्त दोन दिवे, पक्क्या बिलासह. पुतण्याला बरोबर नेलं. दुकानदाराला मी वॉट विचारलेच नाहीत. बॅटरी किती व्होल्टची, किती अँपिअर-तासांची आणि बदलता येते का, एवढं विचारलं. एका दुकानात म्हणाले, "सीलबंद आहे, मेंटेनन्स फ्री." सीलबंद म्हणजे बॅटरी गेली की दिवा फेकायचा. तिथून उठलो. शेवटी घेतला तो पाच वॉटचा, खोक्यावर पाचच लिहिलेले. वजनदार ॲल्युमिनियमचा, पॅनेलवर खरी काच. स्वस्त पॅनेलवर काचेऐवजी पारदर्शक थर ओततात, तो एक-दोन उन्हाळ्यांत पिवळा पडतो आणि ऊन आत जाईनासं होतं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३.२ व्होल्ट, १२ अँपिअर-तास. हा प्रकार ऊन सोसतो आणि वर्षानुवर्षं रोजचं चार्जिंग झेलतो. त्या बॅटरीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक होता, तो पुतण्याने तिथेच उभ्या उभ्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघितला आणि कंपनीचं नाव जुळलं. दुकानदार जरा रागावले. रागावू देत.

सगळ्यात उपयोगाचं म्हणजे या दिव्याचं पॅनेल वेगळं आहे, पाच मीटर वायरचं. आमच्या अंगणात हिवाळ्यात किल्ल्याची सावली लवकर उतरते, सकाळी आंब्याची. दिव्याच्या डोक्यावरच पॅनेल असेल तर दिवा जिथे हवा तिथे ऊन नाही आणि ऊन आहे तिथे दिव्याचं काम नाही. आता पॅनेल बाथरूमच्या पत्र्यावर आहे, तोंड दक्षिणेला, अठरा अंशांच्या आसपास कललेलं, कारण सातारा साधारण तेवढ्याच अक्षांशावर आहे. पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने धूळ पुसते. यंदाच्या जुलैत सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही तेव्हा रात्रभर उजेड पुरला नाही, खोटं कशाला बोलू. मग हालचालीवर पेटायचा सेन्सर चालू केला, तेव्हा पाचच्या पाण्याला उजेड मिळायला लागला. कधीकधी रात्री तीनलाच भक्कन पेटतो आणि रताळ्याच्या वाफ्यातलं साळिंदर काटे फुलवून उभं राहतं.

यंदा प्रदर्शन परत लागलं. मी मुद्दाम गेले. स्टॉल दुसरा, मुलगा दुसरा, काळं कापड तेच. "काकू, नुसता हात ठेवा."

म्हटलं, "हात राहू दे. हा मागचा स्क्रू काढून आतला सेल दाखव."

"वॉरंटी जाईल ना काकू."

मी पर्समधून पुतण्याचा स्क्रूड्रायव्हर काढला. त्याने दिवा माझ्या हातातून अलगद घेतला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि म्हणाला, "काकू, शेजारी लोणच्याचा स्टॉल आहे, तो बघितला का?"