पार्सल दारात, ओटीपी पुण्यात

सोलापुरातली घरपोच पार्सल सेवा चांगली की वाईट, असं कुणी विचारलं तर आधी पत्ता विचारावा लागतो. कंपनी कुठलीही असो, तुमच्या भागाची बीट, म्हणजे रोज वाटप करायचा ठरलेला पट्टा, डिलिव्हरीच्या एकाच पोराकडे किती महिने टिकली त्यावर सगळं अवलंबून आहे. जुना पोरगा असेल तर सेवा चार तारे. बीट बदलली की तीच कंपनी, तोच हब (पार्सलं जिथून वाटपाला निघतात ते गोदाम), आणि दोन तारेही जास्त वाटतात.

कारण हिशेबात आहे. सकाळी हबला स्कॅन करून लोड लावण्यात तास-दीड तास जातो. हातात ८० पार्सलं आणि रस्त्यावर सात तास धरले तर एका पार्सलला सव्वापाच मिनिटं येतात. गाडी चालवणं, घर शोधणं, फोन, जिने, सगळं त्यातच. आधी पैसे भरलेलं पार्सल माणूस दारात असला तर मिनिटभरात सुटतं. कॅश ऑन डिलिव्हरीला तीन मिनिटं लागतात: पाचशेची नोट निघते, सुटे नसतात, मग क्यूआर, मग ‘पेमेंट पेंडिंग’. ओपन बॉक्स, म्हणजे दारातच उघडून दाखवायचा मोबाइल असेल तर आठ मिनिटं कुठेच गेली नाहीत. परत न्यायचं पार्सल त्याहून वाईट. टॅग, रंग, साइज जुळवून फोटो काढावे लागतात, आणि साडीला तोवर फॉल लागलेला असतो! नाही म्हटलं की एक तारा पोराच्या खात्यावर.

बहुतेक ठिकाणी मोबदला पोचलेल्या पार्सलवर मिळतो. मारलेल्या खेपेवर नाही. त्यामुळे गोड बोलणं आणि आकडा गाठणं यांची ओढाताण पोराच्या एकट्याच्या अंगावर येते. बीट पाठ असलेला ती बॅग भरतानाच सोडवतो. आधी गल्लीवार ढीग, मग प्रत्येक पाकिटावर मार्करने मोठा क्रमांक, शेवटी द्यायचं ते तळाशी. बॉक्सवरच्या बारक्या अक्षरातला पत्ता तो दारात वाचतच नाही, ४३ म्हटलं की हात बरोबर ४३ वर जातो. नवा पोरगा अॅपने दिलेल्या क्रमाने निघतो, आणि अॅपची पिन चौकात पडलेली असते. प्रत्येक दारात बॅग उपसायची म्हटलं तर पार्सलमागे मिनिट जातं, म्हणजे ८० पार्सलांत सव्वा तासाहून जास्त.

भागाभागाने बघू. जुळे सोलापुरात सोसायटीचं नाव ठळक असतं, पण भाग १ की भाग २ हे लिहायला लोक विसरतात. तरी इथली सेवा शहरात सगळ्यात बरी. नवी पेठ, चाटी गल्लीत दुकानं पार्सल पटकन घेतात. अडचण गाडी लावायची. पूर्व भाग निराळा. साखर पेठ, अशोक चौक, नीलम नगरकडे घरात तेलुगू चालतं. फोनवर ‘इंट्लो उन्नारा?’ (घरी आहात का?) एवढं विचारणाऱ्या पोराला घराची खूण लगेच मिळते, नुसत्या हिंदीत ‘लोकेशन भेजो’ म्हणणाऱ्याला नाही. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत, १०,००० घरं, सगळी एका साच्यातली. घर नंबर चुकला की शेजारी विचारत फिरायचं. बायका विड्या द्यायला कारखान्यात गेल्या असतील त्या वेळी गेलात तर कुलूप. शहराबाहेरची ती खेप मग पूर्ण फुकट.

आणि पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात पाण्याचा दिवस हा डिलिव्हरीचा उत्तम दिवस असतो, कारण घरात कुणीतरी हमखास असतं. फक्त मोटर चालू असते, फोन ऐकू येत नाही. जुना पोरगा फोन लावतच नाही, हाक मारतो. हे ज्ञान कुठल्याच अॅपमध्ये नाही. बीट बदलली की तेही गेलं.

ओटीपीची गंमत खास आपली. मुलगा पुण्यात, मिक्सर मागवला आईसाठी, नंबर दिला स्वतःचा. पार्सल दारात, ओटीपी पुण्यात, आणि मुलगा मीटिंगमध्ये. आई म्हणते, ‘ठेवून जा की ओ.’ तो ठेवू शकत नाही. ओटीपीशिवाय पार्सल पोचल्याची नोंद अॅपमध्ये होत नाही आणि हरवलं तर वसुली त्याच्याकडून. मागवताना संपर्क नंबर आईचा टाकला की पाच मिनिटं वाचतात, तुमची आणि त्याचीही.

सगळ्यात मोठी तक्रार खोट्या शेऱ्याची: घरात बसलेलो असताना ‘ग्राहक उपलब्ध नाही’. हे संध्याकाळी जास्त होतं. वीस पार्सलं उरलेली, हबला रोकड जमा करायची वेळ झालेली. शेरा मारला की पार्सल उद्यावर जातं आणि आजचा हिशेब मिटतो. समजतं, पण माफ करण्यासारखं नाही. कॉल आलाच नसेल तर कॉल यादीचा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी तक्रार टाका. दोन-तीन प्रयत्नांनंतर पार्सल परत पाठवलं जातं, मग भांडून उपयोग नाही. मात्र कॉल येऊनही तुम्ही अनोळखी नंबर म्हणून कापला असेल तर शेरा खराच आहे.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदान आणि बाळीवेसच्या बाजूला पार्सल वेळेत येईल ही अपेक्षाच ठेवू नये. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गात गाडी शिरत नाही. मे महिन्यात दुपारी एक ते चार फोन तापून बंद पडतो आणि स्कॅन होत नाही, म्हणून जड किंवा ओपन बॉक्स पार्सल असेल तर सकाळीच फोन करून अकराच्या आत बोलवा. त्या वेळी बॅग भरलेली असली तरी पोराचं डोकं थंड असतं.