बेलुगा पाहायचे तर कुठे: चर्चिल, तादुसाक की अँकरेज?

परदेशी सहलीचा विषय निघाला की बहुतेक घरांत आधी देश ठरतो आणि मग रजेची जुळवाजुळव सुरू होते. बेलुगा हे पांढरे देवमासे पाहण्यासाठी जायचे असेल, तर हा क्रम उलटा ठेवावा लागतो. हे प्राणी वर्षाचा मोठा भाग आर्क्टिकच्या बर्फाळ समुद्रात घालवतात आणि उन्हाळ्याचे काही आठवडेच माणसाच्या आवाक्यातील नदीमुखांत येतात. तेथील पाणी उथळ आणि तुलनेने उबदार असते, पिल्ले सांभाळणे सोपे जाते, मासळी मुबलक मिळते आणि तळाच्या गोट्यांवर अंग घासून जुनी कातडी टाकता येते. पाहण्याची बहुतेक सारी ठिकाणे या एका सवयीवर उभी आहेत, म्हणून आपल्याला कोणता महिना मोकळा आहे, या प्रश्नावरच निम्मा निर्णय होऊन जातो.

नाशिकच्या माणसाला हा हिशोब थोडा अवघड जातो. शाळकरी मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत असतात, तर बेलुगांचा खरा हंगाम जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे इकडे गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होऊन गोदाकाठच्या दुकानदारांची आवराआवर चाललेली असते, तेव्हा असतो. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना मात्र हाच काळ त्यातल्या त्यात सोयीचा आहे, कारण एप्रिलची खरड छाटणी उरकलेली असते, ऑक्टोबरची फळछाटणी अद्याप दूर असते आणि फवारण्यांची जबाबदारी घेणारा विश्वासू माणूस असेल तर दहा-बारा दिवस बाहेर पडता येते. ज्यांचा व्यवसाय सिंहस्थाशी बांधलेला आहे, किंवा ज्यांचे घर पंचवटीत असून पाहुण्यांची रीघ चुकणार नाही, त्यांनी २०२७ चा हंगाम मनातून काढून टाकावा.

महिना जुळत असेल आणि केवळ बेलुगांसाठीच एवढा खर्च करायचा असेल, तर माझा कौल कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील चर्चिल या गावाला आहे. हडसन उपसागराच्या पश्चिम भागात बेलुगांची जगातील सर्वांत मोठी वस्ती आहे. तिचा अंदाज सुमारे ५५,००० इतका असून त्यांतील तीन हजारांहून अधिक प्राणी दर उन्हाळ्यात एकट्या चर्चिल नदीच्या मुखाशी येतात. ते दिसतील की नाही, हा प्रश्न तेथे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फारसा उरतच नाही. जोराचा वारा सुटून बोटीच बंद राहिल्या तर गोष्ट वेगळी, आणि म्हणूनच मुक्काम तीन रात्रींपेक्षा कमी ठेवू नये.

चर्चिलचे खरे वैशिष्ट्य मात्र संख्येत नाही. कॅनडाच्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांसोबत पोहण्यास, त्यांना खाऊ घालण्यास आणि बोट मुद्दाम त्यांच्या अंगावर नेण्यास मनाई आहे, पण बेलुगांना असा कोणताही नियम लागू नसल्याने ते स्वतःहून येतात. भरतीबरोबर कळप नदीत शिरतात, संथ चाललेल्या रबरी बोटीच्या मागे उठणाऱ्या बुडबुड्यांकडे त्यांचे विशेष लक्ष असते, आणि कयाक चालवणाऱ्याच्या वल्ह्याजवळ एखादा प्राणी अंगावर कलून वर पाहतो. इतर अनेक देवमाशांच्या उलट त्याच्या मानेचे मणके एकमेकांत जुळलेले नसतात, त्यामुळे तो खरोखर मान वळवून पाहू शकतो, आणि हे जवळून दिसते तेव्हाच त्याचे नवल वाटते. पाठीवर पर नाही, फक्त एक जाड कंगोरा आहे. कपाळाचा मऊ फुगवटा आवाज काढताना आकार बदलतो. त्याच्यामागे चिकटून चाललेले करड्या रंगाचे पिल्लू पांढरे व्हायला बरीच वर्षे लागतात. बोटीतून पाण्यात ध्वनिग्राहक सोडला की शिट्ट्या, चिवचिवाट, दार करकरल्यासारखे आवाज यांची एकच गर्दी ऐकू येते. बोट निवडताना हे उपकरण आहे का, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

अडचण प्रवासाची आहे. चर्चिलला रस्ताच जात नाही. मुंबईहून टोरंटोमार्गे विनिपेग आणि तेथून एक तर छोटे विमान, ज्याला सुमारे अडीच तास लागतात, किंवा सुमारे १,७०० किलोमीटरची, दोन रात्रींची रेल्वे. रेल्वे स्वस्त पडते, पण विलंबासाठी तिची ख्याती आहे. २०१७ च्या पुरात तर हा मार्ग वाहून गेला होता आणि गाड्या पुन्हा सुरू व्हायला २०१८ चा शेवट उजाडला. परतीचे आंतरराष्ट्रीय विमान आणि ही रेल्वे यांच्यामध्ये पूर्ण एक दिवस मोकळा ठेवल्याशिवाय तिकिटे काढू नयेत. गाव लहान, हॉटेले मोजकी, दर चढे, जुलैत डासांचा त्रास आणि शाकाहारी जेवणाची चैन अजिबात नाही, असे चित्र आहे. थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट सोबत असावे आणि विमानतळावर खाद्यपदार्थ रीतसर जाहीर करावेत.

ज्यांचा मुलगा किंवा मुलगी टोरंटो-मॉन्ट्रियल परिसरात आहे, आणि असे आई-वडील आज नाशकात थोडे नाहीत, त्यांनी मात्र चर्चिलऐवजी क्विबेक प्रांतातील तादुसाककडे पाहावे. सागने नदीचा फियॉर्ड, म्हणजे कड्यांमधली अरुंद, खोल खाडी, जेथे सेंट लॉरेन्स नदीला मिळतो, तेथे हे गाव आहे. मॉन्ट्रियलहून गाडीने साधारण सहा तास लागतात. येथील बेलुगा बारमाही सेंट लॉरेन्सच्या परिसरातच राहतात, त्यामुळे मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरलाही ते दिसण्याची शक्यता असते. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी या साऱ्या यादीत व्यवहार्य म्हणावे असे हे एकच ठिकाण आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पर्यटक नेमके तिथेच पैसे वाया घालवतात. तादुसाकला देवमासे दाखवणाऱ्या बोटींचा मोठा धंदा आहे, पण त्या बोटी बेलुगांसाठी नाहीत. सेंट लॉरेन्सची ही वस्ती एके काळी बेसुमार शिकारीने खचली, १९७९ मध्ये शिकार बंद झाल्यावरही कारखान्यांतून आलेल्या विषारी रसायनांनी पोखरली गेली, आणि आज तिला कायद्याने संकटग्रस्त प्रजातीचे संरक्षण आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार हे प्राणी सुमारे १,८५० आहेत. म्हणून सागरी उद्यानातील बोटींना त्यांच्यापासून किमान ४०० मीटर अंतर राखावे लागते आणि ते वाटेत आलेच तरी पाठलाग करता येत नाही. बोटीचे तिकीट मिंक, फिन, कुबड्या (हंपबॅक) किंवा नशीब असल्यास निळा देवमासा पाहण्यासाठी जरूर काढावे. बेलुगांसाठी काठावरच बसावे.

काठावरच्या जागाही उत्तम आहेत. बे-सेंट-कॅथरीन येथील प्वांत-न्वारच्या कठड्यावरून संगमाचे पाणी थेट खाली दिसते, आणि तेथून तादुसाकला नेणारी फेरी विनामूल्य आहे. फियॉर्डमध्ये थोडे आत, बे-सेंट-मार्गरीत नावाच्या खाडीत माद्या पिल्लांसह उन्हाळ्यात तासन्‌तास रेंगाळतात; वाहनतळापासून जवळपास तीन किलोमीटर सपाट पायवाट चालून गेले की लाकडी निरीक्षणस्थळ लागते. अंतर आहे, म्हणून दुर्बीण हवीच. नांदूर मध्यमेश्वरला मनोऱ्यावर बसून तासभर पाणी न्याहाळण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना येथे काही शिकवावे लागणार नाही. दुरून पांढऱ्या पाठी आधणात उसळणाऱ्या तांदळासारख्या वर-खाली होताना दिसतात. वारा वाढला की मात्र लाटांचा फेस आणि पाठ यांतला फरक कळत नाही, म्हणून शांत पाण्याची सकाळ निवडावी. फेस विरतो, पाठ गोल वळून खाली जाते, एवढी खूण पुरते.

अलास्कातील अँकरेजचा विचार अमेरिकेचा व्हिसा हाताशी असलेल्यांनीच करावा. शहरातून सुमारे अर्ध्या तासावर, कुक इनलेट या मोठ्या खाडीच्या टर्नगेन आर्म या फाट्याला लागून जाणाऱ्या सीवर्ड महामार्गावर बेलुगा पॉइंट नावाचा थांबा आहे. गाडी लावायची आणि पाहायचे, तिकीट नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर सॅमन माशांच्या मागे, भरतीच्या वेळी ते येथे येतात, त्यामुळे भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही. हिमनद्यांच्या गाळाने पाणी राखाडी असते आणि त्यावर पांढरी पाठ उठून दिसते. पण कुक इनलेटची ही वस्ती २००८ पासून संकटग्रस्त यादीत असून २०२२ च्या पाहणीत ती सुमारे ३३० इतकीच भरली. दोन दिवस थांबूनही काही न दिसणे अगदी शक्य आहे. ओहोटीत उघडा पडणारा चिखल वरून टणक दिसतो आणि आत पाय धरून ठेवतो, तेव्हा फोटोसाठी त्यावर उतरू नये.

रशियाच्या श्वेत समुद्रातील सोलोवेत्स्की बेटावर उन्हाळ्यात माद्या किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात आणि भारतीयांना ई-व्हिसाही मिळतो, परंतु आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डे तेथे चालत नाहीत आणि युद्धाच्या काळात हा बेत मी कोणालाही सुचवणार नाही. नॉर्वेच्या स्वालबार्डला हिमनद्यांच्या तोंडाशी कळप दिसतात खरे, पण ते जहाजाच्या वाटेत येण्यावर अवलंबून आहे. शिवाय तो प्रदेश शेंगेन या युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा-क्षेत्राबाहेर असल्याने दुहेरी प्रवेशाचा व्हिसा लागतो.

राहता राहिले मत्स्यालय. शिकागो, अटलांटा, जपानमधील नागोया, चीनमधील झुहाई येथे काचेपलीकडे बेलुगा हमखास दिसतात, खर्च कमी येतो आणि मुले खूश होतात. तरीही त्याला मी समुद्रातल्या दर्शनाचा स्वस्त पर्याय मानत नाही. ही दुधाची तहान ताकावर भागवण्याचीही गोष्ट नव्हे. २०१८ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेला सागरी पिंजऱ्यांत ८७ बेलुगा कोंडलेले आढळले, ते याच बाजारासाठी पकडलेले होते. आपल्याकडे २०१३ मध्येच केंद्र सरकारने डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या तलावांना, परवानगी न देण्याचे धोरण स्वीकारले आणि कॅनडाने २०१९ मध्ये देवमासे-डॉल्फिन पाळण्यावर कायद्याने बंदी आणली. शांघायच्या मत्स्यालयातून दोन बेलुगा माद्या २०१९ मध्ये आइसलँडच्या वेस्टमन बेटांवरील आश्रयस्थानी हलवल्या गेल्या, पण त्यांना मोकळ्या खाडीत सरावणे किती कठीण गेले, हे पाहिले की तळ्यात वाढलेल्या प्राण्याला समुद्र परत देता येतोच असे नाही, हे लक्षात येते.

कॅनडा ठरल्यास व्हिसा एकच लागतो, त्यामुळे नातेवाइकांकडे मुक्काम करून तादुसाक आणि हिंमत व पैसा उरल्यास चर्चिल, अशी जोड देता येते. मात्र हॉटेलची चौकशी आदल्या हिवाळ्यातच करावी आणि पैसे परत मिळण्याच्या अटी वाचूनच आरक्षण करावे, कारण व्हिसाचा अर्ज किती दिवस अडकेल हे आपल्या हातात नसते. निर्णय होत नसेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये चर्चिलच्या नदीमुखात फिरणाऱ्या बोटीवरील कॅमेऱ्याचे थेट प्रक्षेपण इंटरनेटवर विनामूल्य चालते. तेथील सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ. घरच्या मंडळींना जेवणाच्या वेळी ते लावून दाखवावे; कोणाला किती वेळ पाहावेसे वाटते, यावरून किती तिकिटे काढायची हेही कळेल.