माजी सैनिकांच्या अनुदानाच्या नावाखाली माझे ४,३०,००० रुपये बुडाले

सिंधुदुर्गातील माझ्या गावी काजू प्रक्रिया उद्योग उभारण्याच्या खटपटीत असताना, स्वतःला प्रकल्प सल्लागार म्हणवणाऱ्या एका इसमाने माझ्याकडून ४,३०,००० रुपये उकळले. ही रक्कम ग्रॅच्युइटी आणि फंडाची होती, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीत काढलेल्या माझ्या उमेदीच्या वर्षांची. लाजेपोटी हा प्रकार मी भावकीतही कोणाला सांगितला नव्हता. परंतु तोच इसम आता निवृत्त होऊन गावी परतलेल्या तरुण जवानांना गाठत असल्याचे कळल्यावर गप्प बसणे मला अशक्य झाले.

तो मला माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात भेटला. स्वतःही फौजेतून आल्याचे सांगून त्याने "कुठली पलटण?" असे विचारले, बेळगावच्या सेंटरमधल्या आठवणी काढल्या आणि मग योजनेवर आला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिकाला ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते, स्वगुंतवणूक फक्त ५ टक्के लागते आणि उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, असे त्याने सांगितले. यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी तो पडताळूनही पाहिला होता, आणि नेमके म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला. योजनेचे नियम त्याने अचूक सांगितले. खोटे बोलला तो केवळ पैसे कोठे भरायचे याबाबत.

माझा प्रकल्प २४ लाखांचा ठरला. बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर, सालकाढणीचे यंत्र आणि खेळते भांडवल असा हिशेब होता. प्रकल्प अहवाल व ऑनलाइन अर्ज यांसाठी त्याने २५,००० रुपये घेतले. हा अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर कोणालाही स्वतः विनामूल्य भरता येतो, आणि या कामासाठी कोणीही खासगी मध्यस्थ नेमलेला नाही, अशी सूचनाही तेथे दिलेली आहे. अर्जासाठी जो पैसे मागेल, त्याला तेथूनच परत पाठवावे.

त्यानंतर व्हॉट्सअॅपवर मंजुरीपत्र आले. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मध्ये माझा सेवा क्रमांक आणि हुद्दा. त्यात ५ टक्के स्वगुंतवणुकीचे १,२०,००० रुपये भरण्यास सांगितले होते आणि खाली खाते क्रमांक दिला होता. ते खाते एका खासगी फर्मचे होते.

त्या क्षणाची आठवण आजही मला झोपू देत नाही. पत्र वाचून माझी पत्नी म्हणाली, "अहो, कर्ज बँकेचं आहे, तर पैसे या माणसाच्या खात्यात का भरायचे?" मी तो प्रश्न जशाच्या तसा त्याला विचारला. त्यावर, माजी सैनिकांच्या फायली एकत्रित पाठवल्या जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे नोडल खाते आहे, असे उत्तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता दिले. शिक्का मारलेल्या लेखी आदेशावर ज्याने आयुष्य काढले, त्याने शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवला, यात मूर्खपणा कोणता, हे माझ्यावर हसणाऱ्यांनी मला सांगावे. शिवाय मार्चमध्ये काजू बी बाजारात येऊ लागते. मेनंतर चांगले बी हाती लागत नाही, म्हणजे यंत्रे वेळेत न आल्यास पूर्ण वर्ष वाया जाणार, हे तो पुरते जाणून होता आणि प्रत्येक फोनवर त्याची आठवण करून देत होता.

खरी पद्धत अशी आहे की, अर्ज कोणत्याही कार्यालयामार्फत गेला तरी कर्ज मंजूर करते ती बँक, आणि मंजुरीपत्र त्या शाखेकडूनच येते. स्वगुंतवणूक आपल्याच कर्जप्रकरणात त्या बँकेत जमा होते. अनुदान हातात रोख येत नाही; ते तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीसारखे अडकवून ठेवतात आणि मगच कर्जात वळते करतात.

शेवटचा घाव २,८५,००० रुपयांचा बसला. यंत्रांचा भाव वाढणार आहे, आगाऊ रक्कम भरून कोटेशन पक्के करा, असे सांगण्यात आले. कोटेशनवर कोल्हापूरचा पत्ता आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव होते. मात्र जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता, आणि २४ हा गुजरातचा संकेतांक आहे, महाराष्ट्राचा २७. त्या क्रमांकातले सहावे अक्षर कंपनीच्या बाबतीत सी असते, येथे ते पी होते, म्हणजे क्रमांक एका व्यक्तीच्या पॅनवर काढलेला होता. हे मला नंतर एका कर सल्लागाराने दाखवले. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणाचाही क्रमांक फुकट तपासता येतो. पैसे पाठवण्यापूर्वी तो तपासाच.

फोन बंद झाल्यावर मी पोलीस ठाण्यात गेलो. "तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेत, ही दिवाणी बाब आहे," असे ऐकवून मला बाकावर बसवून ठेवण्यात आले. बनावट मंजुरीपत्र समोर असताना ती दिवाणी बाब कशी होते? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? ज्या बँकेत पैसे गेले तिने पोलिसांचे पत्र मागितले. पोलिसांनी आधी बँकेकडून खातेदाराचा तपशील आणण्यास सांगितले. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून घेतली, परंतु तोवर खाते रिकामे झाले होते. संशय येताच, त्याच तासाला, तेथे फोन करा. सर्वांत जास्त संताप येतो तो एका सरकारी कार्यालयाचा. ज्या मेळाव्यात हा इसम आपली पत्रके वाटत फिरत होता, त्याच मेळाव्यात या कार्यालयाचे अधिकारी व्यासपीठावर बसले होते. आज तेच म्हणतात की, तो आमचा माणूस नव्हे, त्यामुळे तक्रार आमच्या कक्षेत येत नाही. आमच्या सत्काराला नारळ आणि शाल घेऊन येणाऱ्यांना आमची तक्रार स्वीकारून पोच देण्याइतकीही सवड नसावी?

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते, आणि तेथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाणार आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी सेवा घेणारा ग्राहकच ठरतो आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क नाही. ज्या माजी सैनिकांनी अशाच नोडल खात्याच्या नावाने पैसे भरले असतील, त्यांनी बँकेची पावती, मंजुरीपत्र आणि व्हॉट्सअॅपवरील संभाषण जपून ठेवून आपापली स्वतंत्र लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घेतल्याशिवाय उठू नये.