डॉट ३ ब्रेक ऑइलमध्ये डॉट ४ ओतलं तर चालेल का?

शेजारच्या काकांनी परवा हा प्रश्न टाकला, तोही सप्तशृंगी गडाला निघायच्या आदल्या संध्याकाळी. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं, दुकानात मात्र डॉट ४ ची बाटली. म्हटलं, "घ्या काका. पण नुसतं वरून ओतू नका."

घोळ आकड्यांमुळे होतो. ३, ४, ५ म्हणजे चढत्या पायऱ्या असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ३, ४ आणि ५.१ ही एकाच घरातली भावंडं, तिन्ही ग्लायकॉलवर बनलेली. त्यामुळे ती एकमेकांत मिसळतात, रबराला इजा करत नाहीत. डॉट ५ सिलिकॉनचं. ते बहुधा जांभळ्या रंगाचं असतं, ग्लायकॉलमध्ये विरघळत नाही, वेगळं राहतं. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तर त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून पेडल स्पंजसारखं लागतं. दुकानदार "पाच द्या की पाच पॉइंट एक, एकच ते" म्हणाला, तर दुकान बदला.

आता डॉट ३ की ४? नवंकोरं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, ५.१ किमान २६० ला. पण ही तिन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात. ३.७ टक्के पाणी मुरलेल्या अवस्थेत ठरवलेली किमान मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० अंश आहे. म्हणजे महागडं ५.१ भरून चार वर्षं विसरलेला माणूस दरवर्षी साधं डॉट ३ बदलणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना किंवा गडावरून नांदुरीकडे येताना ब्रेकवरच पाय ठेवला, की कॅलिपरमधलं, म्हणजे चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातलं, तापलेलं ऑइल उकळतं. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकतं. म्हणून घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्येच उतरवावी, ऑइल कुठलंही असो.

मिसळण्याचा हिशेब त्यातूनच निघतो. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, पण जुनं तसंच ठेवून वरून थोडं ओतलं तर ४ चा फायदा मिळत नाही. जुन्यातलं पाणी आतच राहतं. उलट, डॉट ४ च्या गाडीत डॉट ३ ओतणं म्हणजे उकळबिंदू खाली आणणं. रस्त्यात अडलात आणि दुसरं काही मिळालंच नाही, तर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं ठीक. ४ मध्ये ५.१ चा टॉप-अप करायला हरकत नाही, पण माझ्या मते पैसे वाया. त्यापेक्षा सगळं ऑइल काढून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून ताजं डॉट ४ भरा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत दोन वर्षांचा अवधी दिलेला असतो.

यापेक्षा फार वाईट चूक म्हणजे ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतणं. ब्रेकमधली रबरी सील त्याने फुगतात आणि बाद होतात. मग नुसतं धुऊन भागत नाही. टाकीपासून चाकांपर्यंत तेल लागलेले रबरी भाग बदलावे लागतात. असं झालं तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

आणखी एक. टाकीतली पातळी उतरली म्हणजे लगेच ओतायचं नसतं. पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते. आधी पॅड बघा, मग गळती.

काकांच्या डिकीत मागच्या पावसाळ्यात फोडलेली अर्धी बाटली निघाली. ती मी त्यांना वापरू दिली नाही. सकाळी गॅरेजमध्ये सगळं ऑइल बदलून दुपारी ते गडाला गेले. मेकॅनिकच्या हातून बॉनेटच्या कडेला थोडं सांडलं होतं, ते काकांनी स्वतः लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर रंगाची पापडी निघाली असती.